लेस्टर उंच होता

त्या गाडीचे दिवे बंद करा आधी. उद्या सकाळी रांगेत लागायची वेळ आली की बॅटरी उतरलेली असेल, आणि मग माझ्याकडे केबल मागायला याल. हां. आता बसा. वारा पडलाय, या कोरड्या तळ्यावरची माती खाली बसलीय. उद्या गाड्या चांगल्या पळतील.

मघाशी तुमच्यातलं कुणीतरी विचारत होतं, ड्वेन पर्डीच्या गाडीचा टप एवढा उंच का म्हणून. खरंय. इथे रांगेत लावलेली प्रत्येक जुनी गाडी भुवया आवळल्यासारखी दिसते, आणि त्याची एकटीची आपली आजोबांची टोपी घातल्यासारखी. पण त्याला विचारू नका. तो काही बोलणार नाही, उठून जाईल. मला त्यानं एकदाच सांगितलं. त्याच्या बायकोनं वेगळं बसून एकदा सांगितलं. दोघांचं सांगणं जुळलं, म्हणून मी तुम्हाला सांगतोय.

एप्रिलमधला रविवार होता. ड्वेन रिजक्रेस्टहून निघाला तो साध्या कामाला. नौदलाच्या तळावर आयुष्यभर वेल्डिंग करून निवृत्त झालेला माणूस. हात रिकामे राहिले की त्याला चैन पडत नाही. कीलरला एका म्हाताऱ्याच्या शेडमध्ये जुनी फोर्ड पडून आहे असं त्याच्या कानावर आलं होतं. बघायची, पटली तर घेऊन यायची. पिकअपला ट्रेलर जोडला, नोरीननं दोन सँडविच कागदात गुंडाळून दिली आणि वर म्हणाली, "रिकामा ट्रेलर घेऊन परत आलास तर तुला कोकाकोला माझ्याकडून."

"आणि भरलेला आणला तर?"

"तर तू आणि ती गाडी, दोघंही बाहेर झोपा."

नोरीन म्हणजे त्याची बायको. शाळेची बस चालवण्यात तिचं आयुष्य गेलं. रस्त्यावर आणि नवऱ्यावर, दोन्हीकडे तिचं बारीक लक्ष.

कीलर म्हणजे आटलेल्या ओवेन्स तळ्याच्या काठावरची थोडी घरं, त्यातली निम्मी रिकामी. हार्लन क्रेग टोकाच्या घरात एकटा राहायचा. नव्वदीला टेकलेला, ठेंगणा, खांद्यात वाकलेला. त्यानं शेडचं दार ओढून उघडलं आणि बाजूला उभा राहिला. आत आला नाही.

चौतीस सालची गाडी. दोन माणसांची, पाच खिडक्यांची. रंग कधीच उडून गेलेला, पत्रा तपकिरी, पण गंज वरवरचा. आपल्याकडे वाळवंटात गाडी सडत नाही, नुसती सुकते. ड्वेननं टपावरून हात फिरवला आणि तिथेच त्याचं मन बसलं.

"कधीपासून उभी आहे, मिस्टर क्रेग?"

"हार्लन म्हण. सत्तावन्नपासून."

"मधे कधी काढलीच नाहीत?"

"नाही."

"मग विकली का नाहीत?"

म्हातारा म्हणाला, "माझ्यामागे कुणी नाही. मी गेलो की भंगारवाला नेणार. त्यापेक्षा हात चालणाऱ्या माणसाकडे गेलेली बरी. आम्ही दोघं भाऊ पळवायचो हिला. खाली दक्षिणेला, शर्यतीच्या कोरड्या तळ्यावर, तुम्ही लोक अजून जाता ना, तिथेच. मी आणि लेस्टर."

घासाघीस झालीच नाही. म्हाताऱ्यानं जे सांगितलं ते ड्वेननं दिलं. गाडी ट्रेलरवर चढवून पट्टे आवळून झाले, तेव्हा हार्लननं विचारलं, "टपाला हात लावणार आहेस?"

"अजून ठरवलं नाही," ड्वेन म्हणाला. खोटं होतं ते. कुठून कापायचं हे त्यानं मघाशी हात फिरवतानाच ठरवलं होतं.

हार्लन गाडीकडे बघत राहिला. ड्रायव्हरच्या बाजूकडे नाही. पलीकडच्या खिडकीकडे.

"लेस्टर उंच होता," तो म्हणाला, आणि घरात निघून गेला.

आता तुम्ही म्हणाल, यात काय न समजण्यासारखं होतं. पण तुम्हीही तेच केलं असतंत, पोरांनो. नवी गाडी कुणीही विकत घेतो. जुनी गाडी आपली करून घ्यावी लागते. तिचं इंजिन काढायचं, दुसऱ्या कुठल्या गाडीचं मोठं टाकायचं, चाकं बदलायची, मडगार्ड उतरवायचे, आणि टप खाली घ्यायचा, म्हणजे उभी असली तरी पळतेय असं वाटलं पाहिजे. आपल्या आजोबांनी हेच केलं, आपणही हेच करतो. हॉट रॉडचं वेड लागलेल्या माणसाला उंच टपाची जुनी गाडी दाखवायची म्हणजे सुताराला रंधा न मारलेली फळी दाखवण्यासारखं आहे. त्याचे हात गप्प बसत नाहीत.

नोरीननं मात्र पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "इंजिनाचं हवं ते कर. टप राहू दे. गोड दिसतो."

"गोड दिसायला ती काय केक आहे?"

"माझ्या बसला रांगेनं खिडक्या होत्या. हिला जेमतेम पाच आहेत, त्यांच्याही तू फटी करणार. मला बाहेरचं काय दिसणार, तुझं डोकं?"

जुलैच्या उकाड्यात त्यानं टप कापला. खिडक्यांमधल्या खांबांतून चार बोटं पट्टी काढायची, वरचा भाग खाली उतरवायचा, पुन्हा जोडायचा. असे टप त्यानं पूर्वी इतरांसाठीही खाली घेतले होते. कापणं सरळ झालं. बसवताना अडलं. डावी बाजू नीट बसली. उजवी, म्हणजे ड्रायव्हरच्या शेजारी बसणाऱ्याची, टेकेना. त्यानं पुन्हा मोजलं. माप बरोबर होतं. खाली वाकून बघितलं, आत काही नव्हतं; सीटसुद्धा काढून ठेवलेली. तरी उजव्या बाजूचा पत्रा असा तरंगत राहिला, की खाली काहीतरी अडकलंय आणि ते दबायला तयार नाही.

पत्रा तापून फुगलाय, असं ड्वेननं स्वतःला सांगितलं. शिकंजे लावले. आवळले. आणखी आवळले. शेवटी स्वतः त्या बाजूवर ओणवा झाला, अंगाचं सगळं वजन टाकलं.

तेव्हा तो बसला. हळूहळू. एकदम नाही.

सप्टेंबरपर्यंत गाडी रस्त्यावर आली. काळी, बुटकी, रागावल्यासारखी. पेट्रोल पंपावर लोक मोबाइल काढून फोटो घ्यायचे. ड्वेन खूश होता. नोरीनही होती, खोटं कशाला सांगू. चिडवायची, पण शेजारी बसून गावभर फिरायची. पहिल्यांदा तिची मान धरली तेव्हा दोघांनी वयावर ढकललं. मग डोकं दुखायला लागलं. गाडीतून उतरली की दुखायचं, आणि फक्त त्याच गाडीतून. मग ड्वेनच्या लक्षात आलं की घरात ओट्यापाशी उभी असतानाही तिची मान खाली झुकलेली असते, चपला शोधत असल्यासारखी.

"सरळ उभी राहा की."

"सरळच आहे मी."

"नाहीस."

तिनं आरशात बघितलं आणि हनुवटी हातानं वर ढकलून पाहिली.

ड्वेनला पहिला संशय आला धुराचा. जुन्या गाड्यांत इंजिनाचा धूर कुठूनतरी आत झिरपतो. त्या वायूला वास नाही, रंग नाही, आणि तो माणसाला गाढ झोपवतो. त्यानं पायाखालचा पत्रा इंच इंच तपासला, प्रत्येक भोक बुजवलं, घरातलं वायू ओळखायचं यंत्र आणून सीटवर ठेवलं आणि गाडी तासभर चालू ठेवली. यंत्राचा आकडा शून्यावरून हलला नाही.

त्याच आठवड्यात तो एकटाच ब्रेड आणायला गाडी घेऊन गेला. रस्ता खराब होता तिथे त्याला आवाज ऐकू आला. उजव्या बाजूनं, वरून. खर्र... पुन्हा एक खड्डा. खर्र... कापडावर कापड घासावं तसा. नाही, कापडावर केस घासावेत तसा. त्यानं गाडी थांबवली. आवाज थांबला. टपाला आतून त्यानं नवं कोरं राखाडी अस्तर लावलं होतं. उजव्या सीटच्या बरोबर वर त्यावर तळहाताएवढा काळपट डाग पडला होता. बोट लावलं तर तेलकट. वास घेतला. जुन्या काळी न्हाव्याच्या दुकानात डोक्याला चोपडायचे ना, त्या चिकट तेलाचा गोडसर वास.

घरी येऊन त्यानं नोरीनला विचारलं, "तू डोक्याला काय लावतेस हल्ली?"

"काही नाही. का?"

"टपाला डाग पडलाय. तुझ्या बाजूला."

"माझं डोकं पोचतं का तिथपर्यंत?" ती म्हणाली.

ऑक्टोबरचा तिसरा शनिवार. उत्तरेला बिशप गावात गाड्यांचा मेळावा होता. तिला नेऊ नये असं ड्वेनला वाटत होतं, पण नोरीन ऐकणाऱ्यातली नव्हती. म्हणाली, मान घरीही दुखते, तिकडेही दुखेल, निदान चार माणसं तरी भेटतील. दिवस चांगला गेला. गाडीभोवती गर्दी हटली नाही. संध्याकाळी दोघांनी तिथेच मिरची घातलेला राजमा आणि मक्याचा पाव खाल्ला आणि अंधार पडल्यावर दक्षिणेला निघाले.

हवा गार होती. डावीकडे आटलेलं तळं, उजवीकडे डोंगर, दोन्ही अंधारात गेलेले. लोन पाइन गाव मागे पडलं. नोरीन बोलत होती, कुणाच्या गाडीचा रंग कसा भडक, कुणाची बायको कशी जांभया देत होती. मग तिचं बोलणं कमी झालं. ड्वेन बोलत राहिला. ती नुसतं "हं" म्हणायची.

ओलांचाचं वळण आलं. तळ्याला वळसा घालून कीलरला जाणारा फाटा तिथेच फुटतो. स्टेअरिंग जरासं डावीकडे ओढलं गेलं. ड्वेननं सरळ केलं.

"पुढच्या वर्षी लाल करू या का हिला?" त्यानं विचारलं.

"हं" आलं नाही.

झोपली असेल.

तो आणखी थोडं बोलला. आवाज हवा म्हणून.

खर्र...

त्यानं मान वळवली नाही. रस्त्याकडे बघत राहिला.

खर्र...

"नोरीन?"

मग त्यानं बघितलं. वेगाच्या काट्यामागचा पिवळा उजेड तेवढाच होता. नोरीनची हनुवटी छातीला टेकलेली. झोपलेल्या माणसाची मान खड्ड्यागणिक हलते. तिची हलत नव्हती. वरून कुणीतरी दाबून धरल्यासारखी... घट्ट. आणि तिच्या डोक्यापासून टपापर्यंत जी रिकामी जागा असायला हवी होती...

रिकामी नव्हती.

काय होतं, ते त्याला सांगता येत नाही. फक्त पलीकडची खिडकी दिसत नव्हती. एवढंच.

त्यानं हात लांब केला. तिच्या खांद्यावर ठेवला. नोरीननं लोकरीचा स्वेटर घातला होता.

हाताला लागलं ते लोकर नव्हतं.

चामडं होतं. थंड.

त्यानं ब्रेक दाबला. गाडी खडीत घसरत गेली आणि तिरपी उभी राहिली. पलीकडे धावत जाऊन त्यानं दार उघडलं, नोरीनला काखेत धरून बाहेर ओढलं. जड लागली. नेहमीपेक्षा खूप जड... आणि मग एकाएकी हलकी. दोघं खडीवर पडले. तिचे ओठ लालभडक झाले होते. श्वास होता, पण नावाला.

त्यानं तिच्या गालावर चापट्या मारल्या, नाव घेत राहिला. तिनं डोळे उघडले. मान तशीच खाली.

"सरकून बस म्हणत होता," ती म्हणाली.

"कोण?"

"ज्याची जागा आहे तो. मी सरकले रे. पण तो माझ्यातच बसला."

त्या रात्री ते पुन्हा त्या गाडीत बसले नाहीत. चाऱ्याच्या गठ्ठ्यांचा एक ट्रक आला, त्यानं दोघांना दवाखान्यात सोडलं. तिथे तिचं रक्त तपासलं. धुराचा अंशही नव्हता. मानेचे फोटो काढले. हाडं ठीक होती. पण मान वर होईना.

सोमवारी ड्वेन पिकअप घेऊन एकटाच कीलरला गेला. हार्लन पायरीवर बसला होता. ड्वेनचा चेहरा बघूनच त्याला कळलं.

"कापलास."

"हो."

"कुणाला काही झालं?"

"माझ्या बायकोला. जिवंत आहे. मान वर होत नाही."

म्हाताऱ्यानं डोळे मिटून घेतले. "तुला त्याच दिवशी सांगायला हवं होतं मी. तोंडातून निघेना."

मग त्यानं सांगितलं. हळूहळू, तळ्याकडे बघत.

"त्या दिवशी गाडी छान पळाली होती. सायलेन्सर आम्ही दुपारीच काढून टाकले होते. आवाज असा यायचा की छाती भरून यायची. लेस्टरच्या पायाखालचा पत्रा एका जागी फाटला होता, धूर तिथून आत यायचा. तो म्हणाला, झाळून घेऊ या. मी म्हणालो, उद्या बघू. रात्री गारठा होता. त्याची काच वर होती. माझी खाली, मी सिगरेट ओढत होतो. ओलांचाच्या वळणावर मी काहीतरी विचारलं, त्यानं उत्तर दिलं. ते शेवटचं."

ड्वेन उभाच राहिला.

"मला कुठे माहीत? मी बोलत राहिलो. तिथून इथपर्यंत बोलत राहिलो, पोरा. त्याला चिडवलं, गाणं म्हटलं, झोपाळू म्हटलं. तो आपलं चामड्याचं जाकीट घालून ताठ बसलेला. टपाला डोकं टेकलं होतं ना त्याचं, म्हणून पडला नाही. दारात गाडी लावली. आई कंदील घेऊन बाहेर आली. तिनं त्याच्या खिडकीतून आत बघितलं, त्याचे ओठ लालभडक झाले होते. तिला आधी कळलं."

वाऱ्यानं शेडचं दार हललं. हार्लननं तिकडे बघितलं नाही.

"त्याला उचलून नेलं, पुरलं, सगळं रीतसर केलं. पण मला कायम वाटत आलं, तो गाडीतून उतरलाच नाही. म्हणून शेडमध्ये गेलो नाही मी. तो वाईट नव्हता रे. माशी मारायला उठायचा नाही. त्याला आता बसायला जागा नाही, एवढंच आहे."

"टप वर घेतो मी," ड्वेन म्हणाला.

"घे. आणि मग एकदा मला चालवायला दे. ओलांचाच्या वळणापासून इथपर्यंत. मागच्या वेळी मी एकटाच बोलत होतो."

हिवाळाभर ड्वेन त्या टपाशी झटत होता. आधीच्या पट्ट्या भंगारात गेल्या होत्या, नव्या कापून घडवाव्या लागल्या. बघणाऱ्यांनी त्याला वेड्यात काढलं. सगळं जग टप खाली घेतं, आणि हा वर घेतोय. तो कुणाला काही बोलला नाही. शेवटचा टाका त्यानं फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी मारला. वेल्डिंगची टॉर्च विझवून डोळ्यांवरची काळी काच वर करतो न करतो, तोच स्वयंपाकघरातून काहीतरी मोडल्यासारखा आवाज आला. धावत आत गेला. नोरीन सिंकपाशी उभी होती. साबणाचे हात तसेच, आणि मान ताठ.

"जरा थांब," ती म्हणाली. "बोलू नकोस. मला छत बघू दे."

हार्लनला गाडी द्यायची ठरली तेव्हा नोरीन आधी नाहीच म्हणाली. नव्वदीच्या माणसाच्या हातात, तेही रात्री, तेही ती गाडी. दुसऱ्या दिवशी कॉफी पिताना तीच म्हणाली, "दे त्याला. मी त्या जागेवर बसलेय. तिथे बसलेल्याला घरी जायचंय."

मार्चचा दुसरा शुक्रवार. ओलांचाच्या वळणावर अंधार पडल्यावर हार्लन स्टेअरिंगमागे बसला. स्वच्छ दाढी केली होती, शर्टाची वरपर्यंत बटणं लावली होती. आरसा त्यानं आपल्या ठेंगण्या उंचीला लावून घेतला. चावी फिरवली, इंजिन गुरगुरलं, तेव्हा तो नुसता हसला. ड्वेन पिकअप घेऊन मागे राहणार होता.

"हळू चालवा," ड्वेन म्हणाला.

"तो सांगेल तसं," हार्लन म्हणाला.

रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं. पिकअपच्या दिव्यांत ड्वेनला पुढच्या गाडीची मागची काच दिसत होती. त्यात एकच डोकं. डावीकडे, बुटकं. मधूनमधून ते उजवीकडे वळायचं. हात वर व्हायचा, खाली यायचा. म्हातारा बोलत होता. कितीतरी वेळ बोलत होता.

मग हात थांबला.

डोकं उजवीकडे वळलेलं राहिलं. ऐकत असल्यासारखं.

तळ्यावरून वारा सुटला. पांढरी धूळ रस्त्यावरून आडवी वाहायला लागली. मागचे लाल दिवे अंधुक झाले... दिसेनासे झाले... पुन्हा दिसले.

काचेत दोन डोकी होती.

ड्वेननं डोळे चोळले नाहीत. डोळे मिटायची त्याला भीती वाटली.

गाडीचा वेग वाढला. म्हाताऱ्याच्या हातून होईल तसा नाही. वळणं अशी कापली जात होती, जशी जवान माणूस कापतो. ड्वेननं पिकअप दामटली. धूळ दाटली. दिवे गेले. तो ओरडला नाही. ओरडून कुणाला ऐकू जाणार होतं...

कीलरला पोचला तेव्हा गाडी हार्लनच्या दारात नीट लावलेली होती. दिवे बंद. इंजिन निवताना करतं तशी टिकटिक चाललेली. दारं लागलेली. ड्वेन उतरला आणि ड्रायव्हरच्या खिडकीशी गेला.

स्टेअरिंगमागे कुणी नव्हतं.

हार्लन पलीकडे बसला होता. उजव्या सीटवर. हात मांडीवर, डोळे मिटलेले, डोकं डावीकडे कललेलं, थकलेल्या माणसानं शेजारच्याच्या खांद्यावर टाकावं तसं. खाली आधार काही नव्हता. अंग अजून ऊबदार होतं. श्वास नव्हता.

शेरीफचा माणूस आला, डॉक्टर आला. हृदय थांबलं म्हणाले, या वयात होतंच. ड्वेननं जे दिसलं त्यातलं निम्मंच सांगितलं. म्हातारा पलीकडच्या सीटवर कसा, तर शेरीफचा माणूस म्हणाला, "जुनी सलग सीट आहे. गाडी लावली, बरं वाटेना, त्या दारानं उतरायला सरकला. बस्स." ड्वेनलाही ते पटलं. पटवून घ्यायचंच होतं त्याला. हार्लनला तिथेच, लेस्टरच्या शेजारी पुरलं. नोरीन आली होती. लेस्टरच्या थडग्याच्या दगडाकडे बघून ती म्हणाली, "तुमच्या भावाला सोबत घेऊन आलात ना. झालं मग."

पुरून झाल्यावर ड्वेन गाडी न्यायला गेला. त्या रात्रीपासून तिला कुणी हात लावला नव्हता. दारांवर शेरीफच्या माणसाची चिकटपट्टी तशीच होती. ती फाडून तो आत बसला. ट्रेलर मागे उभा होता, गाडी उलटी घ्यायची होती. चावी फिरवली आणि सवयीनं वर आरशात बघितलं.

आरशात मागचं काही दिसेना. नुसतं टपाचं राखाडी अस्तर.

आरशाला त्यानं हात लावला नाही. पाठ ताठ केली, तरी अस्तरच. मान लांब केली, तरी अस्तरच. मग स्टेअरिंग धरून तो सीटवरून उठला, वर, आणखी वर... टपाला डोकं टेकेपर्यंत. तेव्हा कुठे आरशात मागचा रस्ता दिसला.